राज़ीनामा हवा होता, राजीनामा झाला

उर्दूत राज़ीनामा म्हणजे दोन्ही पक्षांनी राज़ी होऊन केलेला समझोता. मराठीत राजीनामा म्हणजे एकाने खुर्ची सोडणं. शब्द तोच, अर्थ वेगळा. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवताना हा शब्द दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी फळ्यावर दोन रकाने करून तो समजावतो. मागच्या वर्षी याच शब्दाने मला धडा दिला. आम्ही काही शिक्षकांनी संगणकाला सांगितलं होतं की, आमच्या कामाचा राज़ीनामा करून दे. त्याने रोज रात्री कुणा ना कुणाचा राजीनामा घेतला आणि सकाळी आम्हाला ‘सगळं जुळलं’ असा निरोप पाठवला.

प्रकरण असं. मालेगाव, भिवंडी, सोलापूर, रत्नागिरी अशा ठिकठिकाणचे आम्ही उर्दू शाळांचे शिक्षक मिळून एक लहान लुगत तयार करत होतो. दोन्ही भाषांत आहेत पण अर्थ बदललेले आहेत, अशा शब्दांची. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम म्हणजे आखाडा किंवा नाटकाची रंगीत तालीम. उर्दूत क़ायदा म्हणजे नियम, आणि लहान मुलांचं अक्षरओळखीचं पुस्तकही. मराठीत कायदा म्हणजे सरकारचा. उर्दूत मज़कूर म्हणजे ‘वर उल्लेख केलेला’, मराठीत मजकूर म्हणजे लिहिलेलं सगळं. आमचा मुलगा मराठीच्या पेपरात ‘माझ्या बहिणीची तालीम पूर्ण झाली’ असं लिहितो, तेव्हा तो चूक करत नसतो, घरची भाषा बोलत असतो. तपासणारा मात्र लाल पेनाने गोल करतो. त्या गोलात अडकणाऱ्या मुलांसाठी ही लुगत होती.

काम एकाच फाइलीवर अनेकांनी करायचं म्हणून माझ्या एका माजी विद्यार्थ्याने गिट सुचवलं. तो आता पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. गिट म्हणजे फाइलींच्या प्रत्येक बदलाची नोंदवही. एक नोंद म्हणजे एक कमिट: काय बदललं, कुणी, कधी, आणि ही नोंद कोणत्या आधीच्या नोंदीवर उभी आहे. प्रत्येक शिक्षकाची वेगळी शाखा, आणि सगळ्यांचं काम मूळ शाखेत एकत्र करणं म्हणजे मर्ज. (आमच्या एका सहकाऱ्याने हे नाव ऐकून विचारलं होतं, “इलाज असलेला मर्ज़ आहे ना?” उर्दूत मर्ज़ म्हणजे आजार. तेव्हा आम्ही हसलो.)

रोज हाताने मर्ज कोण करणार? म्हणून त्या मुलाने पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली. गिटचं काम प्रोग्रॅममधून करता यावं यासाठी लिबगिट-टू नावाची सी भाषेतली लायब्ररी आहे आणि पायथनमधून तिला हाक मारायला पायगिट-टू. स्क्रिप्ट माझ्या संगणकावर रात्री चालायची. सगळ्यांच्या शाखा मूळ शाखेत जोडायची. आम्ही ज्या नोंदींवर ‘तपासलं’ असं लिहू, त्या तेवढ्याच उचलून छपाईच्या शाखेत न्यायची. अशा निवडक उचलीला चेरी-पिक म्हणतात. आपल्याकडे चेरी नाही, बोरं वेचणं म्हणा. मुलगा म्हणाला, “सर, आता तंटा नाही. सगळं आपोआप.”

मला हा शब्द तेव्हाच खटकायला हवा होता. तंटा नाही? आठ-दहा शिक्षक, दोन भाषा, आणि तंटा नाही?

‘फेवर’ कुणाला?

मर्ज कसं होतं ते आधी पाहू, कारण खरी गोम तिथेच आहे. गिट दोन नाही, तीन प्रती समोर ठेवतं: माझी, तुमची, आणि आपण दोघे जिथून वेगळे झालो ती शेवटची सामाईक प्रत. एखादी ओळ फक्त मी बदलली असेल तर माझी घेतं, फक्त तुम्ही बदलली असेल तर तुमची. तीच ओळ दोघांनी वेगवेगळी बदलली असेल तर ते थांबतं. याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात. मी तंटा म्हणतो. तंट्याच्या जागी लायब्ररी तिन्ही प्रती इंडेक्समध्ये बाजूबाजूला ठेवते आणि आपली वाट पाहते. इतकंच नाही, इंडेक्समध्ये तंटा शिल्लक असताना त्यातून पुढचा फाइलींचा संच लिहायला सांगितलं, तर ती नकार देते. नियम चांगला आहे. न सुटलेला तंटा सुटल्यासारखा दाखवायचा नाही.

पण याच लायब्ररीत मर्ज करताना ‘फेवर’ नावाचा एक पर्याय देता येतो. काहीच दिलं नाही तर तंटा राहतो. ‘अवर्स’ दिलं, तर तंट्याच्या प्रत्येक जागी आमची बाजू खरी. ‘थेअर्स’ दिलं, तर समोरची. ‘युनियन’ दिलं, तर दोन्ही ओळी एकाखाली एक, कसलीही खूण न ठेवता. आमच्या स्क्रिप्टमध्ये ‘अवर्स’ होतं. एका ओळीतला एक शब्द. ‘आमचे’ म्हणजे मूळ शाखेत आधी आलेले. रात्री पहिल्यांदा माझी शाखा जोडली जायची, कारण संगणक माझा. रत्नागिरीची शाखा शेवटी.

आता एक नोंद बघा. सामाईक प्रतीत होतं: हरकत, आक्षेप. मी त्यात ‘अडचण’ हा शब्द वाढवला. त्याच दिवशी रत्नागिरीच्या आपांनी तीच ओळ बदलून लिहिलं की, मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, कृती. आणि उर्दूच्या व्याकरणात ज़बर, ज़ेर, पेश या स्वरचिन्हांनाही हरकत म्हणतात, म्हणून मुलाला ‘हरकत नाही’ हे वाक्य विचित्र वाटतं. माझं एका शब्दाचं ठिगळ आणि त्यांचा आख्खा धडा. स्क्रिप्टने ठिगळ ठेवलं, धडा टाकून दिला.

आणि टाकून देताना त्यांची बाकीची कामं, जिथे तंटा नव्हता ती, व्यवस्थित घेतली. मर्जच्या कमिटला दोन पालक असतात. दुसरा पालक म्हणून आपांची कमिट रीतसर नोंदवली. म्हणजे कागदोपत्री आपा हजर, मजकुरात गैरहजर. याहून वाईट गोष्ट पुढे आहे. गिटच्या हिशोबात आता आपांचं काम मूळ शाखेत आलेलं आहे. त्यामुळे पुढच्या कितीही रात्री स्क्रिप्ट चालली तरी ती ओळ पुन्हा विचारात घेतली जाणार नाही. एकदा गप्प केलेला माणूस कायमचा गप्प, आणि वहीत मात्र लिहिलेलं की त्याचं ऐकून घेतलं.

मला हे कळलं ते वर्गातल्या एका मुलामुळे. त्याने विचारलं, “सर, हरकत तर ज़ेर-ज़बरला म्हणतात, मग हरकत नाही म्हणजे काय?” मला आठवलं, आपांनी यावर छान लिहिलं होतं. पुस्तिकेत पाहिलं, नाही. फाइलीत पाहिलं, नाही. मी फोन केला. आपा थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही लोकांनीच काढलं ना ते? मला वाटलं, आमच्या कोकणातल्यांचं तुम्हाला चालत नसेल. म्हणून मी पुढे लिहायचं थांबवलं.”

थांबवलं. चार महिने झाले होते आणि आमच्यापैकी एकालाही पत्ता नव्हता, कारण रोज सकाळी निरोप येत होता: सगळं जुळलं.

दुसऱ्याच्या घामावर माझी सही

चेरी-पिकची गोष्ट याहून लाजिरवाणी आहे, कारण तिथे फायदा माझा झाला.

गिटमध्ये प्रत्येक कमिटवर दोन नावं असतात. एक लेखक, ज्याने बदल केला. दुसरा नोंदणारा, ज्याने तो बदल या शाखेत आणला. ही विभागणी उगाच नाही. २००५ साली लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सच्या कर्नलसाठी गिट लिहिलं. कर्नलचं काम ईमेलने चालायचं, आजही बरंचसं चालतं: कुणीतरी दुरुस्ती पाठवतो, दुसराच कुणी ती तपासून आत घेतो. आत घेणाऱ्याचं नाव लेखकाच्या जागी चढू नये, म्हणून दोन रकाने.

साध्या गिटमध्ये चेरी-पिकची आज्ञा दिली तर मूळ लेखकाचं नाव आणि त्याची तारीख आपसूक टिकते. लायब्ररीतून करताना तसं नाही. तिथे चेरीपिक म्हटलं की बदल फक्त इंडेक्समध्ये आणि फाइलींमध्ये येऊन बसतो. कमिट आपण करायची. त्यासाठी क्रमाने सहा गोष्टी द्याव्या लागतात: शाखा, लेखक, नोंदणारा, संदेश, फाइलींचा संच आणि पालक. लेखकाच्या जागी मूळ कमिटचा लेखक द्यायचा असतो. आमच्या स्क्रिप्टमध्ये एकच सही तयार केली होती, माझ्या नावाची, आणि तीच दोन्ही रकान्यांत भरली होती. लायब्ररी काय करणार? तिला दिलेलं नाव तिने लिहिलं.

छपाईच्या शाखेत प्रत्येक वेचलेली नोंद अशी माझी झाली. पुस्तिकेच्या शेवटी ‘योगदान’ म्हणून यादी होती, तीही याच नावांवरून आपोआप तयार झालेली. यादीत मी सर्वांत वर. आपांचं नाव नाही. सोलापूरच्या दोघांचं नाही. शिक्षकांच्या एका बैठकीत ‘तालीम’ या शब्दावरच्या टिपेबद्दल माझं कौतुक झालं. ती टीप आपांची होती. मी मान हलवून आभार मानले, कारण मला खरोखर वाटलं की ती मीच कधीतरी लिहिली असेल. वहीत नाव माझं होतं ना!

यंत्राने लिहिलेली नोंद किती पटकन आपली आठवण होऊन बसते, हे मी त्या दिवशी स्वतःवर अनुभवलं.

जे म्हणतात, त्यात काय एवढं

हे सगळं मी आमच्या गटात मांडलं तेव्हा तीन उत्तरं मिळाली. तिन्ही उत्तरं बाहेरही ऐकू येतात, म्हणून इथे त्यांचा समाचार घेतो.

पहिलं: “सर, काहीच हरवलेलं नाही, इतिहासात सगळं आहे.” खरं आहे. आपांची कमिट जशीच्या तशी तिथे होती आणि म्हणूनच ती परत आणता आली. पण इतिहासात असणं आणि पुस्तिकेत असणं यात फरक आहे. मुलाच्या हातात पुस्तिका जाते, इतिहास नाही. आणि हरवल्याचा संशय आल्याशिवाय इतिहास उघडतो कोण? ज्याचं हरवलं तो तर नाराज होऊन घरी बसलेला.

दुसरं: “इतके बदल, माणूस कुठे पुरणार?” लिनक्सच्या कर्नलपेक्षा आपली लुगत मोठी नाही. जगभरातल्या हजारो लोकांचं काम तिथे एकत्र येतं. जिथे तंटा नाही तिथे यंत्र जोडतं, जिथे आहे तिथे माणूस बसतो. कर्नलच्या दस्तऐवजात उपविभाग सांभाळणाऱ्यांना सांगितलं आहे की, पुढे तंटा दिसू नये म्हणून आधीच उलटं मर्ज करून तो झाकू नका. असे तंटे सोडवण्याचा लिनसला चांगला सराव आहे. गिट ज्याने लिहिलं तो तंटा बघायला मागतो, आणि आपण आठ-दहा मास्तर तंटा झाकणारा पर्याय शोधतो.

तिसरं उत्तर माझ्या त्या विद्यार्थ्याचं, आणि त्यात तथ्य होतं. तो म्हणाला, “सर, सुरुवातीला मी काही दिलं नव्हतं. पण रोज शेकड्याने तंटे यायचे आणि बघितलं तर दोन्ही ओळी सारख्याच दिसायच्या. म्हणून कंटाळून अवर्स टाकलं.”

दोन्ही ओळी सारख्याच दिसायच्या! उर्दू लिहिणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. कुणाच्या फोनवर उर्दूचा कीबोर्ड, कुणाच्या फोनवर अरबीचा. उर्दूची ‘ये’ आणि अरबीची ‘ये’, उर्दूचा ‘काफ़’ आणि अरबीचा ‘काफ़’ युनिकोडमध्ये वेगवेगळे आहेत. शब्दाच्या मधोमध आले की डोळ्यांना एकच दिसतात, गिटला दोन. मराठी रकान्यातही तेच: नुक्ता असलेला ‘ज़’ एका संकेतानेही लिहिता येतो, ‘ज’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही. नुक्त्याचा प्रश्न युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणाने सुटतो. ‘ये’ आणि ‘काफ़’चा सुटत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती वेगळीच अक्षरं आहेत. त्यासाठी आपणच बदलाची यादी करून द्यावी लागते.

म्हणजे आमचे बहुतेक तंटे खोटे होते आणि त्यांना आवर घालण्यासाठी खरे तंटेही दाबले गेले. हे मला फार ओळखीचं वाटलं. वर्गात गोंगाट होतो म्हणून सगळ्यांनाच तोंडावर बोट ठेवायला लावणारा शिक्षक मी पाहिला आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः तो होतो. वर्ग शांत होतो. प्रश्न विचारायला हात वर करणारा मुलगाही शांत होतो. बी.एड.च्या पाठात याला वर्गनियंत्रण म्हणून गुण मिळतात. शिकवणं मात्र तिथे थांबलेलं असतं.

एक गोष्ट उलट बाजूनेही सांगायला हवी. तंटा आला नाही म्हणजे सगळं बरोबर, असंही नाही. आमच्या एका सहकाऱ्याने ‘कायदा’ शब्दाचा मराठी अर्थ ‘नियम’ असा होता तो सुधारून ‘विधिमंडळात किंवा संसदेत मंजूर झालेला’ असा केला. त्याच आठवड्यात दुसऱ्याने सरावाच्या वेगळ्या फाइलीत प्रश्न घातला, उत्तर होतं ‘नियम’. ओळी वेगळ्या, फाइली वेगळ्या, तंटा शून्य. पुस्तिकेच्या एका पानावर एक अर्थ, दुसऱ्या पानावर दुसरा. गिट ओळी जुळवतं, अर्थ जुळवत नाही. ते काम वाचणाऱ्याचं आहे आणि राहणार.

मग करायचं काय

आम्ही केलं ते सांगतो. स्क्रिप्ट फेकून दिली नाही, दुरुस्त केली. त्याच मुलाने केली, एका रविवारी माझ्या घरी बसून.

‘फेवर’ काढून टाकलं. मर्ज करण्याआधी सगळ्या शाखांतली अक्षरं एकसारखी करून घेतली जातात, त्यामुळे खोटे तंटे उरले नाहीत. खरे उरतात ते आठवड्याला बोटांवर मोजण्याइतके. तंटा आला की स्क्रिप्ट तिथेच थांबते, कमिट करत नाही, मर्जची अर्धवट स्थिती साफ करते आणि दोन्ही शिक्षकांना तिन्ही ओळी पाठवते: आधी काय होतं, तुम्ही काय लिहिलं, त्यांनी काय लिहिलं. दोघे फोनवर बोलतात. कधी पाच मिनिटं लागतात, कधी दोन दिवस. मर्जच्या कमिटला दोन्ही पालक दिले जातात. एकच दिला तर दुसऱ्या शाखेचं काम आलंच नाही असं गिट समजतं आणि तोच तंटा रोज उठतो. चेरी-पिकमध्ये लेखक मूळ कमिटचा आणि नोंदणारा मी. संदेशाच्या शेवटी एक ओळ: ही नोंद कोणत्या कमिटमधून उचलली. साध्या आज्ञेत ती ओळ मागितली तर मिळते, लायब्ररीत आपण लिहायची. आणि जोडलेलं सगळं महिन्यातून एकदा कुणीतरी पहिल्या पानापासून वाचतं.

यात अवघड काय आहे? काहीच नाही. दहा-बारा ओळींचा फरक. म्हणूनच मला ‘तंत्रज्ञानाची मर्यादा’ ही सबब मान्य नाही. लायब्ररी थांबायला तयार होती, लेखकाचं नाव ठेवायला तयार होती, दोन्ही पालक लिहायला तयार होती. आम्हीच तिला घाई करायला लावलं. आणि यात त्या मुलाइतकाच मी दोषी. सकाळचा ‘सगळं जुळलं’ हा निरोप मला आवडत होता. काय जुळलं, असं मी एकदाही विचारलं नाही.

आपांची जुनी कमिट आम्ही नव्याने वेचली. या वेळी तंटा आला. माझी ओळ आणि त्यांची ओळ समोरासमोर. मी माझं ठिगळ काढलं आणि त्यांची ओळ पूर्ण ठेवली. लेखकाच्या रकान्यात त्यांचं नाव, तारीख त्यांनी लिहिलं त्या दिवसाची. पुस्तिकेच्या पुढच्या छपाईत योगदानाची यादी बदलली आहे आणि ‘तालीम’च्या टिपेबद्दलची चूक मी त्याच बैठकीतल्या लोकांना लिहून कळवली आहे.

आपांना फोन करून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, ‘अडचण’ पण राहू द्या. आमच्याकडे तसंही म्हणतात.” ती ओळ आता दोघांची आहे.

तुमच्या शाळेत, संस्थेत, मासिकात असं एकत्र काम यंत्रावर चालत असेल, तर आज रात्री एक करा. स्क्रिप्ट ज्याने लिहिली त्याला विचारा: दोघांनी एकच ओळ बदलली तर ही काय करते? आणि उचललेल्या कामावर नाव कुणाचं घालते? उत्तर ‘आपोआप होतं’ असं आलं, तर जुने मर्ज उघडून दुसऱ्या पालकाशी ताडून बघा. कुणीतरी थांबलेलं असेल, आणि त्याला वाटत असेल की तुम्हीच त्याला नको म्हटलं.